दुपारचा गुलाब

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात गुलाबांची प्रदर्शनं भरतात. त्यांच्यासाठी पहाटे कात्री घेऊन गच्चीवर जाणारी माणसं असतात, आणि कितीतरी वर्षं मीही त्यांतलीच एक होते. ऑक्टोबरात छाटणी केली, की साधारण 45 ते 50 दिवसांनी फूल येतं. म्हणून प्रदर्शनाच्या तारखेपासून दिवस उलटे मोजायचे आणि छाटणीचा दिवस ठरवायचा. एवढा खटाटोप कशासाठी? अर्ध्याहून थोडंसं जास्त उमललेलं एक फूल परीक्षकांसमोर ठेवता यावं म्हणून. मधला भाग उंच, पाकळ्या शंखाच्या वळणाने एकमेकींभोवती गुंडाळलेल्या, बाहेरच्यांच्या कडा अलगद मागे वळलेल्या. हायब्रिड टी गुलाबाचा हा आकार. फुलवाल्याकडचा डच गुलाब, शुभेच्छापत्रावरचा गुलाब, सगळीकडे हाच.

या आकाराच्या मुळाशी आपल्याच देशातलं एक झाड आहे. मणिपूर आणि म्यानमारच्या डोंगरांत ‘रोझा जायगँशिया’ नावाचा रानगुलाब उंच वृक्षांवर चढतो. फूल फिकट, पाचच पाकळ्यांचं. पण कळी लांब, निमुळती. चीनच्या बागांतल्या टी गुलाबांचा हा पूर्वज. पुढे हे टी गुलाब युरोपात पोचले, तिथल्या काटक गुलाबांशी त्यांचा संकर झाला, आणि 1867 साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात गियो यांनी ‘ला फ्रान्स’ काढला. पहिला हायब्रिड टी तो, असं मानतात.

त्याआधीच्या युरोपी गुलाबांचा थाट निराळा होता. कुणी वाटीसारखा, कुणी बशीसारखा पसरट. 1843 चा ‘सूवनीर द ला मालमेझों’ पूर्ण उमलला, की त्याच्या पाकळ्या चार भागांत दुमडलेल्या दिसतात. मधल्या काळात हा आकार मागे पडला. 1961 साली इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ आणला आणि वाटीच्या आकाराला पुन्हा मान मिळाला.

आवड मनाची असते हे खरं, पण ती हवेचीही असते. रत्नागिरीजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राने भरगच्च पाकळ्यांची झाडं लावणंच सोडलं. दमट हवेत बाहेरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि कळी न उमलता आतल्या आत कुजते. त्याच्याकडे आता कमी पाकळ्यांचेच गुलाब आहेत, आणि आज त्याला विचाराल तर तेच सगळ्यांत देखणे!

माझी आवड बदलली ती दुपारी. प्रदर्शनासाठी वाढवलेलं एक फूल कापायचं राहून गेलं. दोन वाजता पाहिलं, तर त्याचं वळण सुटलेलं, पाकळ्या सैल पडलेल्या, मध्ये काहीच नाही. सकाळचा तो तासभरच त्याचा होता. शेजारच्या कुंडीत आईच्या परसातून फांदी आणून लावलेला गावठी गुलाब होता. त्याला मी कायम विस्कटलेला म्हणत आले होते. तो पूर्ण उघडला होता, मधले पिवळे केसर दिसत होते आणि त्यांत एक मधमाशी गुंतली होती. गुलाबाच्या जादा पाकळ्या बहुतेक केसरांच्याच पाकळ्या होऊन आलेल्या असतात. म्हणून फूल जितकं भरगच्च, तितकं माशीसाठी रितं.

डौलदार कळी मला आजही मोहवते. पण कळीसाठीच फूल वाढवायचं, आणि ते उमललं की त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे मला आता पटत नाही. कुणाचाही गुलाब बघायला गेले, तर दुपारीच जाते. पाच पाकळ्यांचा असो की शंभर, उघडल्यावर तो कसा दिसतो, हे मला पाहायचं असतं.

आई गावठी गुलाब सकाळी देवापुरते दोन-तीनच तोडायची. उरलेले झाडावर पूर्ण फुलू द्यायची. संध्याकाळी त्यांच्या पाकळ्या सुपात गोळा करायची, खडीसाखरेबरोबर बरणीत थरावर थर रचायची आणि बरणी उन्हात ठेवायची. माझ्या त्या कुंडीवर मी औषध मारत नाही. यंदा आईच्या बरणीत चार बोटं गुलकंद झालाय.