मनीचा संसार



कुत्रा माणसाला ओळखतो आणि मांजर घराला ओळखते, असे आपल्याकडे म्हणतात. मांजर म्हणजे आपमतलबी, डोळे मिटून दूध पिणारी जात. तिला ना माया, ना ओळख. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो आणि वर्गात मुलांनाही तेच सांगत होतो. पुढे एकामागून एक अशी चार मांजरे आमच्या घरी राहायला आली. त्यांतले एकही आम्ही होऊन मागून आणलेले नव्हते. त्या चौघांनी माझे म्हणणे खोटे पाडले. त्यांचीच हकीगत आज सांगायची आहे. तिची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते, म्हणून ती चूक आधी सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. वाई तालुक्यातल्या एका लहान गावी मी प्राथमिक शिक्षक होतो. घरात आई, पत्नी आणि मी. होळीच्या सुमारास एका भटक्या मांजरीने आमच्या माळ्यावर, जुन्या वाकळेत तीन पिल्ले घातली. मांजरी तिरंगी होती. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस ठिपके. दीड महिन्यात पिल्लांनी घरभर धुडगूस मांडला. एके दिवशी वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच त्यांनी ओरबाडला. माझा पारा चढला. तिन्ही पिल्ले बाजाराच्या पिशवीत घातली आणि नदीपलीकडे आठवडी बाजार भरतो त्या गावाकडे निघालो.

वाटेत चौथीतली एक मुलगी भेटली. पिशवी हलते आहे हे तिने पाहिले.

"गुरुजी, काय हाय वो पिशवीत?"

मी सांगितले. ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्यांची आय बी तिकडंच हाय का?"

मी उत्तर दिले नाही. पिल्ले बाजाराच्या ओट्यांपाशी सोडली आणि परत फिरलो.

त्या रात्री मांजरीने घर डोक्यावर घेतले. माळ्यावर जाई, वाकळ हुंगे, खाली येऊन दाराशी बसे आणि ओरडे. असे तीन रात्री चालले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बॅटरी घेऊन मांजरीच्या मागोमाग माळ्याच्या शिडीपर्यंत जाई आणि परत येई. तिसऱ्या रात्री मात्र म्हणाली, "अरे, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. तू मारलं नाहीस, खरं. पण त्यांना जगवायला तिथं कुणाला ठेवून आलास?"

चौथ्या दिवशी मी सायकल काढली. बाजाराजवळच्या एका चहाच्या हॉटेलामागे, जळणाच्या ढिगाखाली एक पिल्लू सापडले. हॉटेलवाले त्याला दुधात भिजवलेला पाव घालीत होते. उरलेल्या दोघांचा पत्ता लागला नाही. अंधार पडेपर्यंत मी ओट्याओट्याखाली वाकून पाहिले.

घरी येऊन पिल्लू मांजरीपुढे ठेवले, तर ती त्याच्यावर फिसकारली! माझ्या पोटात धस्स झाले. पण दोष तिचा नव्हता. मांजर आपले कोण आणि परके कोण हे वासाने ठरवते. पिल्लाच्या अंगाला धुराचा, तळणीचा वास लागलेला. आईने माळ्यावरची ती वाकळ काढली आणि तिच्या टोकाने पिल्लाचे अंग हलक्या हाताने पुसले. तासाभराने पाहतो, तर मांजरी त्याला पुढच्या पायांत धरून चाटीत होती. आईने त्याच दिवशी थोरलीचे नाव मनी ठेवले आणि धाकटीचे एकली.

पुढच्या वर्षी, १९९७च्या श्रावणात, ती चौथीतली मुलगी सहावीत गेलेली. भर पावसात दारात उभी राहिली आणि दप्तरातून एक काळे पिल्लू काढून तिने माझ्या हातावर ठेवले. मांजराच्या पिल्लाचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. याचे नुकतेच उघडले होते.

"ओढ्याच्या कडंला वरडत हुतं. तुमच्याकडं मनी हाय नव्हं?"

मागच्या वर्षी माझ्या पिशवीत काय होते ते तिला ठाऊक होते. तरी तिने पिल्लू माझ्याच दारी आणले. त्या दिवशी शरमेने मी तिच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

मनी तेव्हा बाळंतीण होती. या वेळी आम्ही वासाची युक्ती आधीच केली. पिल्लाला मनीच्या फडक्यात गुंडाळले आणि मग टोपलीत ठेवले. तिने हुंगले, क्षणभर थांबली आणि आपल्या पिल्लांबरोबर त्यालाही पाजले. एवढेच नव्हे, मनी बाहेर गेली की एकली टोपलीत जाऊन सगळ्यांना कुशीत घेऊन पडे. एकत्र राहणाऱ्या मांजरी एकमेकींची पिल्ले सांभाळतात, पाजतातसुद्धा, हे पुढे माझ्या वाचनात आले. मी ते आमच्या पडवीत आधीच पाहिले होते. मनीची पिल्ले मोठी झाल्यावर मागणाऱ्यांच्या घरी गेली. काळू आमच्याकडेच राहिला.

चौथा आला तो बोका. कान फाटलेला, एका डोळ्यात फूल पडलेले. आईने त्याला सुभेदार म्हणायला सुरुवात केली. १९९९च्या दिवाळीपासून तो कुंपणाच्या भिंतीवर बसू लागला. त्याला पाहून काळूची शेपटी बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखी फुले. आम्ही घाई केली नाही. भिंतीपाशी सुभेदाराची वाटी आणि पडवीत बाकीच्यांची, दोन्ही एकाच वेळी ठेवायच्या. आठवड्याला हातभर अंतर कमी करायचे. संक्रांतीला तो पायरीवर आला, शिमग्याला पडवीत, आणि पुढल्या थंडीत चुलीच्या उबेला चौघे एकाला एक चिकटून निजू लागली. काळू त्याचा फाटका कान चाटीत असे. जबरदस्तीने एका खोलीत कोंडले असते तर हे झाले नसते.

मांजराचे आणि माणसाचे नाते धान्यामुळे जुळले. कणगीमागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. आमच्या ज्वारीच्या पोत्यांनाही चौघांचा पहारा होता.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुले पिल्लू घेऊन शाळेत येतील तेव्हा त्यांना रागावू नका. आधी त्याची आई जवळपास आहे का, हे दुरून पाहायला सांगा; बहुधा ती भक्ष्य शोधायला गेलेली असते. पोरके असेल तर आधी ऊब द्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. मांजराने चावले वा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लशीचे विचारा; चालढकल नको. आणखी एक. मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते, म्हणून पिल्ले पिशवीत भरण्याची पाळी येते. आम्ही पुढे डॉक्टरांकडून चौघांचीही नसबंदी करून घेतली. पिशवी कायमची खुंटीला लागली.

मनी २००९ साली म्हातारी होऊन गेली. परसात तिला मूठमाती दिली. त्या रात्री एकली माळ्यावर चढली. वाकळेची घडी तिने हुंगली, खाली आली, दाराशी बसली आणि ओरडू लागली. अगदी तसाच आवाज. आई तेव्हा थकली होती, शिडीपर्यंत जाणे तिला जमत नव्हते. म्हणून मी बॅटरी घेतली आणि एकलीच्या मागोमाग गेलो.

चार मांजरांचा संसार पाहिला, सुख पाहिले. पण त्या बाजाराच्या गावावरून एस.टी. जाते तेव्हा आजही माझी नजर ओट्यांखाली जाते. दोन पिल्ले राहिली आहेत. आणि त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही द्यायचे राहिले आहे. तुमच्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला, तर तुम्ही तरी वेळेवर थांबा.