बडीशेपेचे वाण आणि बीजपेढी



जेवणानंतर तोंडात टाकावयाची बडीशेप आणि शेतात पेरावयाची बडीशेप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुखशुद्धीसाठी लागणारी बारीक, हिरवी, गोड बडीशेप, जिला बाजारात ‘लखनवी’ म्हणतात, ती दाणा अर्धवट भरला असतानाच खुडून सावलीत वाळवितात. तिच्यावर बियाणे म्हणून भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी फुलोरा झाडावरच पक्व होऊ द्यावा लागतो. म्हणजे जो बाजार या पिकाला चांगला भाव देतो, तोच घरचे बियाणे राखण्याचा मोह कमी करतो.

बडीशेप मूळची भूमध्य सागराकाठची. भारतात तिची मुख्य लागवड गुजरात व राजस्थानात होते. कोठे पावसाळ्यात रोपे तयार करून लावतात, तर कोठे हिवाळ्याच्या तोंडी थेट पेरणी करतात. शेतकऱ्यांनी आपापल्या सोयीने निवडलेले वाण या विविधतेतून टिकले. थोडेच सुधारित वाण सर्वत्र पसरले की हे जुने वाण शेतातून नाहीसे होतात. उद्या करपा बळावला, तर त्याला तोंड देणारा गुण शोधावयाचा कोठे?

याकरिता बीजपेढी. नवी दिल्ली येथे १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पेढीत बियाण्यातील ओलावा ३ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरवून ते हवाबंद पाकिटांत, उणे १८ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात. आंबा, फणस, नारळ यांचे बी मात्र असे वाळविले की मरते. त्यांच्या बागाच राखाव्या लागतात.

बडीशेपेची खरी कसोटी पुढेच आहे. थंडीतही बी हळूहळू म्हातारे होते. उगवणशक्ती घटली की ते पेरून नवे बी घ्यावे लागते. या पिकात परागीभवन मधमाश्यांकरवी होते. शेजारच्या दोन वाणांचा संकर व्हावयास एक हंगाम पुरतो. म्हणून प्रत्येक वाण जाळीच्या पिंजऱ्यात किंवा दूर अंतरावर लावावा लागतो. पिंजऱ्यात परागीभवनाची सोय करावी लागते आणि झाडेही पुरेशी असावी लागतात. मोजक्याच झाडांचे बी घेतले, तर वाणाचे नाव उरते, गुण ओसरतात. हे काम खर्चाचे व चिकाटीचे असल्याने निधीच्या टंचाईत तेच प्रथम मागे पडण्याचा धोका असतो.

एकाच ठिकाणी विसंबणेही बरे नव्हे. सीरियातील युद्धामुळे अलेप्पो येथील आंतरराष्ट्रीय केंद्राचा संग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा नॉर्वेतील स्वालबार्ड येथे ठेवलेली त्याची प्रत २०१५ साली बाहेर काढावी लागली. मोरोक्को व लेबनॉन येथे पेरून ते वाण पुन्हा उभे करण्यात आले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथे श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची पेढी उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथील बी हंगामागून हंगाम मातीत जाते आणि बदलत्या पावसाशी जुळवून घेते. शीतगृहातील बियाण्याला ती संधी नसते. म्हणून दोन्ही पेढ्या हव्यात, आणि दोन्हींकडे बी देताना शेतकऱ्याने गाव, पेरणीचा महिना, घरात त्याला म्हणतात ते नाव व त्याचा उपयोग एवढे तरी चिठ्ठीवर लिहून द्यावे.