त्याला काय येते, ते कोण लिहिणार?
(रुग्णालयातील पालक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे आणि शिक्षणतज्ज्ञही नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य जमा-खर्चात गेले. तरीही आज बोलण्याचे धाडस करतो, कारण या विषयाचा पहिला धडा मला एका मातेने माझ्याच कार्यालयात दिला.

तिचा मुलगा सात वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. "इतर मुलांना त्रास होईल," असे सांगून शाळेने त्याला प्रवेश नाकारला होता आणि आधार म्हणून दाखविला होता तो आपल्याच बाह्यरुग्ण विभागाचा कागद. त्यावर एवढेच शब्द होते : 'मुलगा मंद आहे.' माउली रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, "साहेब, त्याला काय येत नाही ते तुम्ही लिहिलेत, काय येते, ते कोण लिहिणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मुलाची पुन्हा तपासणी झाली. तो स्वतःच्या हाताने जेवतो, दोन सूचना लागोपाठ पाळतो, चित्रावरून वस्तू ओळखतो, आणि त्याला कोणते साहाय्य लागेल, हे सारे नव्या अहवालात नमूद झाले. तो जोडून तिने शाळेकडे अर्ज केला, पोच घेतली आणि नकार द्यावयाचा असल्यास तोही लेखी द्यावा, अशी विनंती केली. लेखी नकार आला नाही. जूनमध्ये प्रवेश मिळाला.

पालकांनी वाट पाडावी, ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. कन्या मालिनी हिला शाळा मिळेना, म्हणून मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. पुढे मालिनी चिब यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले व आत्मकथन लिहिले. बदलापूरची 'आधार' ही संस्थाही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभारली.

आज कायदा पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास नजीकच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केले. परंतु कायदा स्वतःहून कोणाच्या दारी येत नाही. या मुलाला प्रवेश मिळाला, शिकविण्यास विशेष शिक्षक मात्र अद्याप नाही. मातेचा पुढचा अर्ज त्यासाठीच आहे.

पालकांना हिशेबनीसाचा एकच सल्ला देतो. एक फाईल ठेवा : दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, अहवाल, प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच. तोंडी बोलणे विरून जाते, कागद साक्ष देतो.

आपल्यापुरते आम्ही ठरविले आहे, की यापुढे येथील प्रत्येक अहवालात मुलाच्या क्षमता व त्याला लागणारे साहाय्य लिहिले जाईल, आणि अर्ज लिहिण्यास पालकांना येथेच मदत मिळेल. देणगीदारांनो, या कामास यंत्रसामग्री लागत नाही. माणसांचा वेळ लागतो, आणि तो आपल्या दातृत्वातूनच उभा राहतो. ताळेबंदात ही जमा दिसणार नाही. ती वर्गातल्या एका बाकावर बसलेली दिसेल.