सायकलदुरुस्तीचे पहिले धडे



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावर साहित्य-संगीत सोडून आम्ही सायकलीच्या दुरुस्तीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात झाला, तो सायकलींच्या दुकानानेच. असे असूनही सायकल आपल्या मुलाने चालवावी आणि पंक्चर दुसऱ्याने काढावे, अशी वाटणी आपल्या पांढरपेशा घरांत रूढ आहे. मुलींच्या बाबतीत तर सायकल बिघडली की जाणेच थांबते. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकारंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. कोणावर न विसंबता जाण्या-येण्याचे जे स्वातंत्र्य सायकल देते, ते वाटेतल्या पहिल्या काट्यापाशी संपू नये, एवढ्यासाठीच ही विद्या शिकवावयाची.

नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी टायर देऊ नये. आपल्या साध्या, उंच, काळ्या सायकलीवर आम्ही प्रारंभ व्हॉल्व्हट्यूबपासून करतो. हवा गेली म्हणजे पंक्चरच, हा समज खरा नव्हे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा आला, तर बहुधा दोष आतल्या इवल्याशा रबरी नळीचा. ती बदलणे दोन मिनिटांचे काम. पण तेवढ्याने चेहऱ्यावर जो विश्वास उमटतो, तो पुढे फार उपयोगी पडतो.

मग पंक्चर. ट्यूब पाण्यात धरून भोक शोधणे मुलांना खेळासारखे वाटते. जड जाते ते थांबणे. जागा कोरडी करून, काचकागदाने घासून सोल्युशन लावले की ते हाताला कोरडे लागेपर्यंत वाट पाहिलीच पाहिजे. ओल्यावर डकवलेले ठिगळ टिकत नाही. आणि टायरच्या आतून बोट जपून फिरवून काटा काढल्याखेरीज ट्यूब परत घालू देऊ नये. काटा तसाच राहिला, तर सारे श्रम वाया!

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे ज्या दिशेने सुटते, त्याच दिशेने डावे अधिक आवळते. हे आधीच सांगावे की मुलाला थोडे झटू द्यावे? आमच्या मते झटू द्यावे. पाना हिसकावून न घेणे हाच शिकवणाऱ्याचा मोठा संयम, आणि तो वडीलमंडळींना क्वचितच साधतो.

चाकाचा आउट काढण्याच्या फंदात मात्र आम्ही नवशिक्यांना पाडत नाही. एक तार आवळावी, तर रिंग भलतीकडेच ओढली जाते. ते नाक्यावरच्या कारागिराचे काम. मुलांना त्याच्याजवळ तासभर बसवावे. त्याची भाषा आपल्याला येत नसली, तरी काही अडत नाही. तो चाक फिरवतो, रिंग जिथे डुलते तिथे खडू टेकवतो, आणि नेमकी तार बोटाने दाखवतो.