हायस्कूल, कारखाना आणि महाजन
(वर्धापनदिनी महाजनांच्या सभेत केलेले भाषण)



श्रीचरणी वंदन करून जो विषय मी आपणापुढे मांडणार आहे, तो देवळाच्या सभामंडपात काहींना अनपेक्षित वाटेल. हायस्कुलांतील मुलांना संगणकाची आज्ञावली रचण्याचे, म्हणजे कोडिंगचे, आणि रोबोटिक्सचे शिक्षण देताना उद्योगधंद्यांचे साहाय्य कसे घ्यावे, हा तो विषय. परंतु पोर्तुगीज अमदानीत मराठी मुळाक्षरे गिरविली गेली ती पुष्कळ ठिकाणी देवळांच्याच आश्रयाने. विद्येला आसरा देणे हा महाजनांचा जुना धर्म आहे. विद्येचे रूप तेवढे पालटले आहे.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा अंतर्भाव सुचविला. २०२१ साली गोवा सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील याच इयत्तांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची योजना सुरू केली. केंद्राच्या अटल प्रयोगशाळा योजनेत निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते.

म्हणजे पैसा आहे, साहित्यही येते. उणीव आहे ती जाणत्या माणसाची. विज्ञानाच्या किंवा गणिताच्या शिक्षकावर हा विषय जादा म्हणून येऊन पडतो. एखादा संवेदक बिघडला, तारेची जोडणी चुकली, तर विचारावे कोणाला? मग पेटी कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि मुले फळ्यावर यंत्राचे चित्र काढतात. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तशी ही विद्या चित्रावरून येत नाही.

या उणिवेवर अमेरिकेत एक उपाय झाला आहे. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था स्थापिली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली यंत्र-स्पर्धा भरविली. तिचे मर्म बक्षिसात नव्हते. कारखान्यांतील अभियंते आणि हायस्कुलातील मुले एकाच मेजाभोवती बसून यंत्र जुळवीत, हे तिचे मर्म होते. कंपनीने केवळ देणगी दिली नाही, आपली माणसे दिली.

आपल्याकडे हे अशक्य का असावे? फोंडे महालात देवळांच्या शेजारी कुंडईची औद्योगिक वसाहत उभी आहे. श्रीम्हाळसादेवीचे मूळ स्थान जे वेर्णे, तेथे आज कारखान्यांची केवढी तरी रांग आहे. तेथील नोकऱ्या आपल्या मुलांना मिळत नाहीत, ही तक्रार आपण घरोघरी ऐकतो. पण त्या दारांतून आत जाण्याची तयारी हायस्कुलात कितीशी होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

कायदाही अनुकूल आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. शिक्षण त्यात येते, आणि आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही तेथे म्हटले आहे. लहान कारखान्यांस हे बंधन नाही. परंतु त्यांच्यापाशी अनुभवी हात आहेत आणि आपल्याला हवेत ते तेच.

मागावे काय, हे मात्र नेमके ठरले पाहिजे. जुने संगणक, नामफलक आणि छायाचित्र एवढ्यावर समाधान मानू नये. पहिले, महिन्यातून दोन शनिवारी एका अभियंत्याने शाळेत यावे, आणि हा करार निदान तीन वर्षांचा असावा. दुसरे, मुलांआधी शिक्षकाला शिकवावे. कारण पाहुणा जातो, शिक्षक राहतो. तिसरे, साहित्य एकाच विक्रेत्याच्या मुठीत नसावे. २००५ मध्ये इटलीत जन्मलेला आर्डुइनो फलक खुल्या रचनेचा आहे. एमआयटीची २००७ ची स्क्रॅच ही आज्ञावली विनामूल्य आहे. चौथे, मुलींना समान वाटा मिळावा आणि समजावणे मुलांच्या भाषेत व्हावे.

कामही जवळचेच निवडावे. अग्रशाळेच्या छपरावरील टाकी भरून वाहते, हे आपण नित्य पाहतो. पाण्याची पातळी ओळखणारा संवेदक, निर्णय करणारा लहानसा फलक आणि पंप बंद करणारा रिले, एवढ्यात हा प्रश्न सुटतो. पंपाच्या विजेची जोडणी जाणत्या वायरमननेच करावी. बाकी सारे नववीची मुले करू शकतील. औषधाच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या मोजल्या जातात त्या याच तत्त्वाने: पाहा, ठरवा, करा.

आता देवस्थानाने काय करावे? माझी सूचना बिनखर्चाची आहे. आपल्या महाजनांच्या नोंदवहीत नाव, वांगड आणि गाव यांची नोंद असते. तिच्यात व्यवसायाचा एक रकाना वाढवावा. कोण कोणत्या कारखान्यात आहे, कोण अभियंता म्हणून निवृत्त झाला आहे, हे एकदा कागदावर आले, की कंपनीच्या दारात परके म्हणून उभे राहावे लागणार नाही. समितीने ती यादी घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे आणि येत्या जूनपूर्वी निदान एका हायस्कुलाशी एका कारखान्याची गाठ घालून द्यावी.

पालखीला खांदा देण्यासाठी आपल्यात चढाओढ लागते. त्यातील चार खांदे या कामी मिळाले, तरी कपाटाचे कुलूप निघेल. श्रीदेवी आपणा सर्वांस तशी सद्बुद्धी देवो.