सोयऱ्याला पाऊसपाणी विचारा
(पासली येथील हरिनाम सप्ताहातील कीर्तन)

मायबाप हो, झाड चालतं का? नाही म्हणता? एवढ्या घाईनं नाही म्हणू नका. आषाढी जवळ आली की आळंदीहून आमच्या मायबहिणींच्या डोक्यावर वृंदावन निघतं. ती तुळस चालत नाही का? थेट पंढरपूरपर्यंत चालते. पाय तिचे नसतात, एवढंच. जगात जेवढी झाडं फिरली ती सगळी अशीच, दुसऱ्याच्या पायांनी. कुणी पाखराच्या पोटातून, कुणी पुराच्या पाण्यातून, कुणी माणसाच्या गाठोड्यातून. तुमच्या ठेच्यातली मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतातून आली. ज्ञानोबांच्या काळी इथं मिरची नव्हती, बरं का! माउलींनी मिरचीचा ठेचा कधी खाल्लाच नाही. (हशा)

तुकोबारायांनी झाडांना सोयरे म्हटलं. तो अभंग तुम्हाला पाठ आहे, मी म्हणत बसत नाही. आज सोयरा हा एकच शब्द धरू. सोयरा म्हणजे भाऊबंद नव्हे. भाऊबंद शेजारच्या घरात, त्याच्याशी बांधावरून भांडण. सोयरा परगावचा. तो आला की पायावर पाणी देतो, गूळपाणी देतो, आणि तो टेकला रे टेकला की पहिला प्रश्न काय? "पाव्हणं, तुमच्याकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?" पोराबाळांची चौकशी मागाहून, आधी पाऊस. खरं ना? तर आज एका लांबच्या सोयऱ्याला आपण तोच प्रश्न विचारू.

या सोयऱ्याचं नाव गोरखचिंच. वसईच्या किल्ल्यात आहे, मुंबईला राणीच्या बागेत आहे, तिकडे मांडूला तर पुष्कळ आहेत. बुंधा असा, की चार माणसांच्या कवेत मावायचा नाही. वर्षातले कितीतरी महिने अंगावर पान नाही, जणू कुणी उपटून उलटं रोवलंय. पोटात पाणी साठवतं. फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्याच्या पंक्तीला येतात. मूळ गाव आफ्रिका. अरब व्यापाऱ्यांबरोबर इकडे आलं असं जाणकार सांगतात. आता गंमत पाहा. परमुलखातून आलेलं झाड, पण आपल्या लोकांनी त्याला परकं ठेवलं नाही. गोरक्षनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी समजूत, म्हणून नाव गोरखचिंच. गोरक्षनाथांचे गहिनीनाथ, गहिनीनाथांचे निवृत्तिनाथ, निवृत्तिनाथांचे ज्ञानोबा. म्हणजे आपल्या माणसांनी त्या आफ्रिकेच्या झाडाला थेट माउलींच्या गुरुघराण्यात नेऊन बसवलं!

मग विचारू या. पाव्हणं, तुमच्या गावाकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?

पाव्हणा मान खाली घालतो. म्हणतो, महाराज, आमच्याकडची म्हातारी माणसं गेली.

हे मी रचून सांगत नाही. 2018 साली शास्त्रज्ञांनी शोध छापला. आफ्रिकेतल्या सगळ्यांत जुन्या 13 गोरखचिंचा त्यांनी धरल्या, त्यांतल्या 9 त्याआधीच्या बारा-तेरा वर्षांत मेल्या, नाहीतर त्यांचा जुना भाग तरी कोसळला. झिंबाब्वे देशात पान्के नावाचं झाड होतं, सुमारे 2450 वर्षांचं. हिशोब करा. 1296 साली माउलींनी समाधी घेतली, तेव्हा ते झाड सतराशे वर्षांचं होतं. किती दुष्काळ त्यानं पाहिले असतील! ते सगळे पचवले आणि आता आपल्या डोळ्यांदेखत गेलं. कुऱ्हाड लागली नाही. रोगाची साथ आली म्हणावं तर तीही दिसली नाही. वाढती उष्णता आणि कोरडेपणा यावर त्या शास्त्रज्ञांचा संशय आहे. पुरतं सिद्ध व्हायचं आहे, हेही त्यांनीच सांगितलंय.

दुसरा सोयरा हिमाचलाचा, सफरचंद. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. खाली थंडी कमी पडायला लागली, म्हणून लोकांनी बागा डोंगरात वर वर नेल्या. ठीक आहे, तिथं वर हिमालय आहे. आपल्या तोरण्याच्या माथ्यावरचं झाड कुठं जाईल? चौदाशे मीटरवर गड संपतो. पुढं आभाळच.

आता पाव्हणा उलटं विचारतो, "आणि तुमच्याकडं?" काय सांगायचं त्याला? दगडी कोळसा, तेल जाळून जाळून दीडशे वर्षांत पृथ्वी सव्वा अंशाच्या आसपास तापली. सव्वा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण लेकराच्या अंगात तेवढा ताप चढला तर आई रात्रभर उशाशी बसते. समुद्र तापला की वाफ जास्त, आणि तापलेल्या हवेत ती मावतेही जास्त. मग पाऊस घागरीनं पडत नाही, टाकीच उपडी होते. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला. त्याच दिवसांत घाटाखाली महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलं की खाली महाडचाच मुलूख दिसतो. ते काही परदेश नाही.

इथलं पाणी ओढ्याओढ्यानं नीरेला जातं. नीरा नरसिंगपूरला भीमेत मिळते, आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. वाटेत धरणं अडवतात, ते असो. म्हणजे पासलीचा पाऊस दरवर्षी वारी करतो! पण तो वारकऱ्यासारखा टप्प्याटप्प्यानं जायला हवा. झाडाची मुळं त्याला मुक्कामाला थांबवतात. मुळं नसली की तो एका रात्रीत धावत सुटतो, जाताना शेताची मातीही घेऊन जातो, आणि चैत्रात तुमच्या बाया हंडे घेऊन उन्हात.

आता स्वतःचं सांगतो. माझ्या गावी देवळामागं जांभळाचं झाड होतं. मोठं. वीस-बावीस वर्षांपूर्वी सभामंडप वाढवायचा ठरला, झाड आड आलं. मंडळींनी मला विचारलं. मी म्हणालो, देवाचंच काम आहे, काढा. एवढंच बोलून थांबलो नाही. कुऱ्हाड घालण्याआधी नारळ मीच फोडला. या तोंडानं कितीदा तुकोबांचं निरूपण केलं असेल! आज चैत्रातल्या सप्ताहात दुपारी त्या पत्र्याखाली माणूस बसत नाही. पारायणाला बसलेल्या एका म्हाताऱ्या माउलीला परवा तिथं भोवळ आली. बाहेर न्यायचं म्हटलं तर सावली कुठंय? मी तिला पाणी पाजलं, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

काल इथं तुमच्यापैकी एकानं मला हळूच विचारलं, "महाराज, आपलाही मंडप पुढं घ्यायचाय, कोपऱ्यातल्या झाडाचं काय करावं?" मी म्हटलं, कीर्तनात सांगतो. तर ऐका. झाड राहू द्या. बुंध्याएवढी जागा सोडून पत्रा कापा, भोवती पार बांधा. कापणावळीचा खर्च येईल, पाऊस आत गळेल, पाला पडेल, रोज झाडावं लागेल. कबूल. उद्या काल्याच्या कीर्तनानंतर मला जे पाकीट द्याल ते मला देऊ नका, त्या पत्र्याच्या खर्चात घाला. आणि कुणी मला नारळ फोडायला बोलावलं, तर तो त्या झाडाच्या बुंध्याशी फोडीन, झाड उभं ठेवून.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!