पेटी आणि पेटीवाला



आपल्या नगर जिल्ह्यात भजनाला पेटी नाही असे गाव सापडणे कठीण. देवळात पेटी, शाळेच्या प्रार्थनेला पेटी, आणि नारायण वामन टिळकांची मराठी पदे म्हणणाऱ्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेलाही पेटीच. अशा गावात अधूनमधून एखादा पोरगा निघतो. त्याला कोणी शिकवलेले नसते. पण ऐकलेली चाल तो बोटांनी बिनचूक शोधून काढतो. लोक कौतुक करतात आणि लगेच विचारतात, “पण बाबा, पेटी वाजवून पोट भरतं का?”

हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच आज गोविंदराव टेंबे यांच्याविषयी बोलावे म्हणतो.

गोविंदरावांचा जन्म 1881 सालचा, कोल्हापूरकडचा. त्या काळी पेटी हे परक्याचे वाद्य. फ्रान्समध्ये 1842 साली तिचे पेटंट निघाले. तिकडे ती पायाने भाता मारून वाजवीत; आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्या गवयासाठी हाताच्या भात्याची पेटी झाली. आत पितळेच्या लहानमोठ्या पट्ट्या असतात. भात्याचा वारा लागला की त्या थरथरतात आणि सूर निघतो. एवढेच तिचे यंत्र. मात्र यंत्राचा सूर ठरलेल्या जागी बांधलेला असतो. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. ती पेटीला साधत नाही. जाणकारांचा पेटीवर राग होता तो यासाठी.

गोविंदरावांनी या उणिवेवर उपाय काय केला? त्यांनी गाणे ऐकले. भास्करबुवा बखल्यांची साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांची गायकी मन लावून कानांत साठवली. गवई दम कुठे घेतो, सूर कुठे हलका सोडतो, हे ओळखून त्यांनी भाता आणि बोटे चालवली. त्यामुळे त्यांची पेटी गाऊ लागली, आणि साथीचे वाद्य स्वतंत्रपणे ऐकण्याच्या योग्यतेचे ठरले.

मग पुढचा दरवाजा उघडला. 1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना चाली दिल्या गोविंदरावांनी. वयाची तिशीही तेव्हा पुरी झालेली नव्हती! 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक झाले. त्याच मंडळीत पुढे पायाच्या भात्याचा ऑर्गन गाजला. त्यात दोन्ही हात मोकळे राहतात, सूर भरदार निघतो; हरिभाऊ देशपांडे यांच्या ऑर्गनची साथ रसिकांच्या स्मरणात राहिली. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्याचे संगीत गोविंदरावांचे, आणि राजा हरिश्चंद्रही तेच. एका पेटीने माणसाला कुठवर नेले, बघा!

पण गोष्ट इथे संपत नाही. 1940 साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोरांचाही पेटीला विरोधच होता. गोविंदराव 1955 साली वारले तेव्हा बंदी चालूच होती. ती सैल झाली 1971च्या सुमारास. ज्या वाद्यावर हयात घालवली, त्याला रेडिओचे दार बंदच राहिले. आज याच माध्यमातून त्यांचे नाव घ्यायचे, तर हेही सांगितलेच पाहिजे. आणि काळाचा न्याय असा, की 2016 साली गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना पद्मश्री मिळाली ती पेटीसाठीच.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गात असे मूल असेल तर एवढे करा. पेटीला हात लावण्याआधी त्याला गाऊ द्या. त्याच्या गळ्याची पट्टी काळी एक की काळी चार, ते बघा आणि मग त्या पट्टीत वाजवायला लावा. भाता हिसके देऊन मारू देऊ नका. वारा सारखा राहिला पाहिजे. गाणारा थांबला की वाजवणाऱ्यालाही थांबता आले पाहिजे, हे शिकवा. आणि चांगले गाणे भरपूर ऐकवा.

आता तो पोटाचा प्रश्न. प्रत्येक पोरगा गोविंदराव होणार नाही. शाळा सोडून पेटी घे, असे मी कुणालाच म्हणणार नाही. पण दिवसाचे काम आटोपल्यावर जो पोरगा तासभर पेटीशी बसतो, त्याचा तो तास वाया गेला, असे मात्र घरच्यांनी म्हणू नये. सुराची गोडी लागलेले पोर गावाच्या भजनाला उभे राहिले, तरी गावाचे काही कमी झाले नाही.